अर्पणाची थाळी आणि शेगडीतली राख

दौंडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये सकाळी वाळत घातलेले पांढरे पातळ दुपारी करडे होऊन घरात येई. कोळशाच्या इंजिनांचे लोकोशेड आमच्या मागच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर होते. वारा कुठून वाहतो आहे, हे खिडकीच्या चौकटीवर बोट फिरवून सांगता येत असे. ही एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नवरा शेडमध्ये फिटर होता, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. त्या वर्षी पावसाळा संपल्यावर सासूबाई शिरूरकडच्या गावाहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या. सामानात एक वळकटी, बायबल आणि झाकण घट्ट दाबून बसवलेला राखेचा डबा होता.

"आत्याबाई, राख इथंही मिळते," मी म्हणाले.

"मिळंल की. पर ही बाभळीची हाय. वस्त्रगाळ."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी घर हातात घेतले. शहाबादी फरशी बघून त्या आधी जरा खट्टू झाल्या. "हिला सारवायचं कुठं?" असे म्हणून त्यांनी धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवला आणि नारळाच्या शेंडीने फरशीचा मूळ रंग शोधून काढला. तो निळसर होता, हे आम्हाला तोवर माहीत नव्हते. कंदिलाच्या काचा राखेने आणि जुन्या वर्तमानपत्राने पुसल्या. चुन्यात चिमूटभर नीळ घालून स्वयंपाकघराच्या भिंतींना हात दिला. साबण त्यांच्या मते अंगाला लावायची वस्तू होती, आणि तीही रोज नव्हे.

भांडी हा त्यांचा खास प्रांत. आधी चिंचेचा कोळ, मग राख, मग स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडे फडके. हा क्रम चुकलेला त्यांना चालत नसे. शेजारच्या ड्रायव्हरीणबाई एकदा आमच्या मोरीत डोकावून म्हणाल्या, "मावशी, तांब्यात तोंड दिसतंय हो."

"दिसंल की. ज्याचं त्याचं," सासूबाई म्हणाल्या.

आमच्या मंडळीत एक प्रथा होती. नाताळच्या आधीच्या रविवारी चर्चमधले पितळ घराघरांत घासायला वाटले जाई. मेणबत्त्यांची उभी दिवठाणे, पाण्याचा तांब्या आणि अर्पणाची थाळी. कोणते भांडे कोणाकडे, हे चर्चच्या पाळकांच्या पत्नी, पाळकीणबाई, ठरवत. थाळीचा मान मोठा, कारण नाताळच्या उपासनेत ती दानाची नाणी गोळा करत प्रत्येकाच्या हातांतून फिरे. ती चकाकली तर घासणारीचे नाव होई. नाही चकाकली तरी होईच.

गावाकडच्या चर्चमध्ये सासूबाई बायकांच्या पहिल्या सतरंजीवर बसत. दौंडला त्यांना कोणी ओळखत नव्हते. त्या दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसत आणि घरी आल्यावर त्याबद्दल काहीच बोलत नसत. त्यामुळे पाळकीणबाईंनी त्या रविवारी थाळी त्यांच्या हातात ठेवली तेव्हा परतीच्या वाटेवर त्यांनी ती मला धरू दिली नाही. नवऱ्यालाही नाही.

"ही लख झाली की झालं," एवढेच त्या म्हणाल्या. काय झाले, ते आम्हा दोघांनाही कळले.

अडचण राखेची झाली. फरशी, काचा, भांडी यांत बाभळीचा डबा संपत आला होता. आमच्याकडे चूल नव्हती, शेगडी होती, आणि शेगडीत यार्डाबाहेर स्वस्तात मिळणारा दगडी कोळसा. सासूबाईंनी त्याची राख पातळाच्या तुकड्यातून चाळली, बोटांनी चोळून पाहिली. "जरा खरखरीत हाय," त्या म्हणाल्या. "बरंच हाय. मळ लवकर निघंल."

त्यांनी आधी आमच्या पातेल्यावर हात फिरवून पाहिला. पातेले जुने, पोचे आलेले. ते घासल्यावर छान दिसले. मग थाळी घेतली. चिंच, राख, पाणी. संध्याकाळी कंदिलाच्या उजेडात थाळी सोन्यासारखी दिसत होती. नवऱ्याने मान डोलावली.

सकाळी त्या थाळी घेऊन अंगणात गेल्या आणि बराच वेळ आत आल्या नाहीत. मी बाहेर गेले. उन्हात थाळीभर बारीक ओरखडे दिसत होते, गोल गोल, हात फिरला होता तसेच. लाकडाची राख पिठासारखी असते. दगडी कोळशाच्या राखेत जळून उरलेली बारीक खडी असते, आणि ती कापडातूनही येते. चुलीपुढे जन्म गेलेल्या बाईला हे माहीत असण्याचे कारण नव्हते.

"राख ती राख, म्हनलं मी," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

नवऱ्याने उपाय सुचवला. "शेडमध्ये आमची पोरं घासलेट आणि विटकरीची पूड लावतात. इंजिनाचं पितळ झगझगतं."

"तुझं इंजिन काय प्रभूच्या मेजावर ठेवायचं हाय का?"

तो डबा उचलून कामावर गेला.

दुपारी मी शाळेतून आले तेव्हा त्यांनी उरलेली चिमूटभर बाभळीची राख लावून पाहिली होती. फरक पडला नव्हता. मी पाणी प्यायला वाकले, तसे त्यांनी माझ्या पदराचे टोक पकडले.

"ही कसली भुकटी?"

"खडूची. फळा पुसताना उडते."

त्यांनी ती दोन बोटांत चोळली, जिभेला लावली, पुन्हा चोळली. "बोटाला लागतच न्हाई," त्या म्हणाल्या. "उद्या आन जरा."

फळ्याखालच्या पट्टीत साचलेली पूड मी पुडीत बांधून आणली. त्यांनी ती पातळाच्या तुकड्यातून दोनदा गाळली, करडईच्या तेलात कालवली आणि थाळी घासायला बसल्या. त्यांचा हात दुखला की मी बसे, मी उठले की त्या. नवरा ड्यूटीवरून आला की तोही बसवला जाई. त्याने विटकरीचे नाव पुन्हा काढले नाही. शेवटी रिठ्याच्या पाण्याने तेल काढले. ओरखडे पुष्कळ मिटले. पण थाळी तिरपी धरली की बारीक वर्तुळे दिसतच.

"क्रोशाचा रुमाल घालू तळाला," नवरा म्हणाला. "कोण बघतंय?"

नाताळच्या सकाळी सासूबाईंनी रुमाल घेतला, घडी घालून परत पेटीत ठेवला, आणि आम्ही उपासनेच्या बऱ्याच आधी निघालो.

चर्चमध्ये पाळकीणबाई फुले लावत होत्या. ड्रायव्हरीणबाई तांब्या घेऊन आल्याच होत्या. सासूबाईंनी थाळी पुढे केली. "बाई, माझ्या हातनं खराब झाली. शेगडीची राख लावली मी. खडूच्या भुकटीनं जरा मिटलं. समद्यांच्या हातांत जायच्या आधी तुमी बघा."

पाळकीणबाईंनी थाळी खिडकीपाशी नेऊन तिरपी धरली. मग एक दिवठाण उचलून तसेच तिरपे धरले. त्यावरही वर्तुळे होती, थाळीवरच्यापेक्षा ठळक. मग त्यांनी ड्रायव्हरीणबाईंकडे तांब्यासाठी हात केला. ड्रायव्हरीणबाईंनी तो लगेच दिला नाही.

"आमची तवा नुकतीच बदली झाली होती," त्या गीतपुस्तकाकडे बघत म्हणाल्या. "मनमाडला आमच्याकडं चूल होती."

"चुलीवरून शेगडीवर आलेली प्रत्येक बाई हेच करते," पाळकीणबाई म्हणाल्या. "आणि घासून झाल्यावर कुणी बोलत नाही. मलाही इथं येऊन दोन नाताळ होईस्तोवर कळलं नव्हतं. ते दुसरं दिवठाण माझं."

सासूबाईंनी सगळ्या भांड्यांकडे बघितले.

"मंग पितळ वाटता," त्या म्हणाल्या, "तर संगं राख का वाटत न्हाई?"

पाळकीणबाई हसल्या. ड्रायव्हरीणबाईही हसल्या, तांब्या देऊन टाकल्यावर. उपासनेची घंटा झाली. सासूबाई सवयीने दाराकडे वळल्या, तेव्हा ड्रायव्हरीणबाईंनी पहिल्या सतरंजीवर थोडे सरकून घेतले. "मावशी, तिकडं कुठं? बसा की हितं. आन् ते खडूचं काय केलंत, ते सांगा."

थाळी फिरत आमच्यापर्यंत आली तेव्हा सासूबाईंनी नाणे टाकले आणि तळाकडे न बघता ती पुढे दिली.

पुढच्या वर्षी थाळी दुसऱ्या घरी गेली. आमच्याकडे काम आले ते राखेचे. राहू गावच्या एका नातेवाइकाच्या बैलगाडीतून गोवऱ्या येत. सासूबाई त्या परसात जाळत, राख तीनदा चाळत आणि वर्तमानपत्राच्या पुड्या बांधत. एका वर्षी नव्याने बदलून आलेल्या गार्डाच्या बायकोला थाळी मिळाली. तिने पुडी हातात फिरवून विचारले, "राख तर आमच्या शेगडीत ढीगभर आहे. ही कशाला?"

"असंल की ढीगभर," सासूबाई म्हणाल्या. "तू आधी ही संपव."