हद्दीपलीकडचा कारखाना

सोलापुरात एका शेठच्या जिनिंग कारखान्यात मी कारकून होतो. कापसातून सरकी वेगळी काढायचं काम तिथं चाले. हजेरी लिहायची, बायकांचे अंगठे उठवून घ्यायचे, सरकारी पत्रांना उत्तरं द्यायची, एवढीच माझी नोकरी. तिथं सहा हंगाम काढले. त्यातला शेवटचा आठवला की अजून माझ्या कानशिलाची शीर उडते.

यंत्रं फिरवणारा लांब लोखंडी दांडा जमिनीलगत गरगरत असे. खाली सांडलेली सरकी ओढायला बायकांना त्याच्याशेजारी वाकून जावं लागे. एकदा कारखाने तपासणारा साहेब आला. दांडा बघून संतापला. म्हणाला, जाळी बसवा, नाहीतर खटला भरतो. शेठनं हात जोडले, चहा पाजला. साहेबाची मोटार फाटकाबाहेर गेल्यावर त्यानं मला विचारलं, "ह्या साहेबाचा कायदा कुठपर्यंत चालतो रे?"

"इंग्रजी मुलखात, शेठ."

"आणि संस्थानात?"

"तिथं संस्थानचा चालतो. पण कारखान्यांचा कायदा तिथं असल्याचं ऐकलं नाही."

ही अक्कल मी त्याला फुकट दिली. पुढच्या हंगामाआधी निम्मी जुनी यंत्रं बैलगाड्यांवर चढली आणि चार कोसांवर, संस्थानच्या हद्दीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. सोलापुरातल्या दांड्याला चकचकीत जाळी लागली. तिकडचा दांडा उघडाच राहिला. बायका मात्र सोलापूरच्याच. सकाळी आमच्या फाटकावर अंगठा, मग लॉरीत बसून हद्दीपलीकडे. पगार आमच्याच खिडकीवर.

त्यांच्यात माळशिरसकडची एक विधवा होती. मेंढरं राखणाऱ्या घरातली, उंच, तोंडाची फटकळ. मला ती मास्तर म्हणायची. एका दुपारी सरकी ओढताना तिचा पदर दांड्यात गेला. पदराबरोबर हात गेला. लॉरी दारात उभी होती, पण तिच्यात कापसाच्या गठाणी भरलेल्या होत्या आणि त्या उतरवायला मुकादम तयार होईना. बायकांनी तिला बैलगाडीतून आणलं. चार कोस. इस्पितळात डॉक्टरांनी उरलेला हात कोपराच्या वर कापला.

दुसऱ्या दिवशी शेठनं मला बोलावलं. "हजेरीचा नवा कागद लिही. बाई आपल्याकडचं काम आठ दिवसांपूर्वीच सोडून गेली. तिकडच्या मुकादमानं तिला परस्पर ठेवली."

"शेठ, तिचा कालचा अंगठा आहे कागदावर."

"म्हणून तर नवा लिही म्हणतो."

मी लेखणी उचलली. खोटं का सांगू, शाईत बुडवलीसुद्धा. मग माझाच हात मला दिसला, धडधाकट, पाच बोटांचा. मी लेखणी ठेवली, संध्याकाळी जुना कागद सदऱ्याखाली घालून घरी नेला आणि पुन्हा त्या फाटकात पाय ठेवला नाही.

शुक्रवार पेठेत एक तरुण वकील होते. त्यांनी फी न घेता भरपाईचा अर्ज केला. सुनावणीला ती बाई इस्पितळातून सरळ आली. भरपाईच्या अधिकाऱ्यानं हजेरीचा कागद उलटसुलट पाहिला. बाईला कामावर इथं ठेवलं, पगार इथं दिला, सगळं मान्य केलं. आणि म्हणाला, "पण अपघात ब्रिटिश हद्दीत झालेला नाही. माझा इलाज नाही."

वकील बोलू लागले तोच ती उठली. "सायेब, मला हितनं लॉरीत घालून न्येलं. मी का सोताच्या पायानं तुमचा मुलूख सोडून गेले व्हय?"

अधिकाऱ्यानं शिरस्तेदाराकडे पाहिलं. शिरस्तेदारानं पुढचं नाव पुकारलं.

आम्ही संस्थानच्या कचेरीत गेलो. तिथला कामदार, म्हणजे संस्थानचा अंमलदार, भला माणूस होता. त्यानं बाईला बसायला घोंगडी दिली, पाणी दिलं. कानडी हेलात म्हणाला, "काय करू बाई, आमच्याकडं असला कायदाच नाही. आणि मालक तर तुमच्या सोलापूरचा." म्हणजे इंग्रजाच्या मुलखात तिचा अपघात झाला नाही आणि संस्थानात तिला मालकच नव्हता! कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. सगळे अदबीनं बोलत होते आणि तिच्या तुटल्या हातावरचं फडकं रक्तानं ओलं होत होतं.

हे कारखान्यातल्या बायकांना मीच फाटकाबाहेर उभा राहून सांगितलं. दुसऱ्या सकाळी लॉरी आली, पण तिच्यात कुणी चढेना. मुकादम ओरडला. हात गेलेल्या बाईची नणंदही तिथंच कामाला होती; तिनं लॉरीपुढं बसकण मारली. "जाळी लावा, मग येतो आमी. न्हायतर तुमीच जावा की सरकी वडायला."

तेलगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका, मुसलमान बायका, गावाकडच्या, सगळ्या तिच्या शेजारी बसल्या. शेठनं पोलीस बोलावले, दुसऱ्या पेठांतून बायका आणायचा प्रयत्न केला. कुणी आलं नाही. पलीकडे कापसाचे ढीग साचत गेले. पाचव्या दिवशी संस्थानच्या शेडमध्ये जाळी लागली. कोणत्याही कायद्यावाचून.

तुटलेल्या हाताबद्दल मात्र शेठनं काही दिलं नाही. जाळी ही त्याची मर्जी, म्हणाला. भरपाई दिली तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

वकिलांनी त्या निकालावर वरच्या साहेबाकडे अर्ज केला आणि ती भावाकडे परत गेली. वर्षभरानं मी तिला भेटायला गेलो. गुडघ्यांत तांब्या धरून एका हातानं शेळी पिळत होती. मी काहीतरी हळहळलो असेन, ती फटकन म्हणाली, "कीव करू नगा, मास्तर. आपल्या अर्जाचं काय झालं त्ये सांगा."

"फेटाळला."

"मंग दुसरा लिवा. त्येच्या वरच्याला."

त्याच्या वरच्याला लिहिलं. त्याच्याही वरच्याला लिहिलं, मुंबईला, मग दिल्लीला. दर वेळी ती डाव्या हाताचा अंगठा उठवायची, कागद फाटेल इतका दाबून. उत्तर एकाचंही आलं नाही.