कोपऱ्यातला मेसेज
मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घालायचा काळा चष्मा आज कपाटात सापडला आणि डोकं पुन्हा तापलं. तेव्हा ऑपरेशनची वेळ दवाखान्याकडून मुलाच्या कॉम्प्युटरवर येणार होती. बाहेर कापडाच्या लूमची खडखड चालू होती आणि मी एकटीच पडद्यासमोर बसले होते. कोपऱ्यात मेसेज आला. मी चौथी शिकलेली, अक्षरं लावत ‘उद्या सकाळी’पर्यंत पोचले, तोच तो पडद्यावरून गेला. मुलगा आणि सून दोघंही असे मेसेज दाखवणारेच प्रोग्रॅम बनवतात, म्हणून त्यांना सांगितलं. मुलगा म्हणाला, “मेसेज किती वेळ ठेवायचा ते प्रोग्रॅम बनवणाऱ्याला ठरवू द्यायला पाहिजे.” सून म्हणाली, “म्हणजे साडीच्या सेलवालापण दिवसभर चिकटून बसणार.” “दवाखाना आणि सेल एकच काय?” “ते कोण ठरवणार, तू?” मी म्हटलं, “अरे, आधी माझी वेळ शोधा.” “आई, एक मिनिट,” दोघंही म्हणाले. शेवटी चपला घालून भर उन्हात मीच दवाखान्यात गेले. खिडकीतली बाई म्हणाली, “मौसी, कल सुबह सात बजे, खाली पेट आना.” घरी आले तरी वाद चालूच होता. आता मला लख्ख दिसतं, पण वाचते तशीच सावकाश, आणि मेसेज अजूनही अर्ध्यात जातो. त्या दोघांचं काही ठरलेलं नाही.