शेवगा मुंबईला जातो

“ड्रेस नको. लुगडं नेसून ये. आणि चपला काढ, फोटोत बऱ्या नाही दिसत.”

मॅडम हसत बोलल्या. गोड आवाजात. चारोटीजवळ त्यांच्या कंपनीची शेड. उन्हावर चालणाऱ्या ड्रायरमध्ये आम्ही शेवग्याचा पाला सुकवायचो. त्या दिवशी मुंबईचे पाहुणे येणार होते. शेड मी सांभाळायचे. शेतीचा डिप्लोमा केलेली. अंगात इस्त्रीचा पंजाबी ड्रेस. लुगडं मी कधी नेसलेच नव्हते. कामावरच्या एका मावशीचं आणून मला गुंडाळलं. अनवाणी उभं केलं.

मॅडम माझ्याच वयाच्या. खरं सांगते, आधी राग नाही आला. हेवा वाटला. त्यांच्या बुटांचा. इंग्रजीचा. माईक धरायच्या सवयीचा. स्टेजवर त्या म्हणाल्या, “माझे पहिले दोन धंदे बुडाले.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. बुडाल्यावर टाळ्या! मी एका विषयात नापास झाले, तर आईने मला चिकूच्या वाडीत मजुरीला धाडलं होतं.

बुडायलाही ऐपत लागते. जळले मी. आतून जळले.

मागे बॅनर, ‘सर्वांना सकस अन्न’. पाला आमच्या तलासरीच्या पाड्यांतला. पावडर सगळी मुंबईला. आमच्या अंगणवाडीतल्या पोरांचे हात काड्यांसारखे.

मग मला बोलावलं. वाक्य पाठ करून घेतलेलं होतं. “मॅडम आल्या म्हणून आमच्या घरात चूल पेटली.” समोर बायकांमध्ये आई बसलेली. सकाळी तिनेच भाकरी थापून दिली होती.

मी म्हटलं, “आमची चूल आधीपासून पेटते. आमच्या पाल्याची पावडर आमच्या पोरांना कधी मिळणार?”

मॅडमनी माईक ओढून घेतला. कानाशी म्हणाल्या, “उद्यापासून येऊ नकोस.”

“नाही येणार.”

लुगड्यातच बाहेर पडले. आई उठून माझ्यामागे आली.

आता पाड्यावर आमचा ड्रायर आहे. बचत गटातल्या बायकांनी बांबू अन् प्लास्टिकचा उभा केलेला. एकदा वाऱ्याने उडाला. पुन्हा बांधला.

मॅडमचे फोटो मोबाईलवर दिसतात. अजून जळते मी. मला त्यांच्याएवढी कंपनी हवी. मुंबईतली दुकानं हवीत. सगळं हवं. पण पहिली पाकिटं अंगणवाडीत जातील. ती पोचल्याशिवाय एकही टेम्पो पाड्याबाहेर सोडणार नाही.