सगळे हळदीला, लग्नाला कुणीच नाही

बहिणीच्या लग्नासाठी मी लातुरात बसून पर्ल या संगणकभाषेत एक वेबपान बनवलं. हळद, लग्न, वरात. जिथं येणार तिथं पाहुण्यांनी खूण करायची. निकाल बघून बाबा भडकले, "सगळे हळदीलाच यायलेत! लग्नाला कुणीच न्हाई?"

मी चरफडत कोड उघडला. एकाच नावाच्या तीन खुणा येत होत्या, पण मी त्यांच्यासाठी एकच जागा ठेवली होती. मग पर्ल पहिली खूण घेऊन बाकीच्या सोडून देणारच! एका जागेऐवजी यादी ठेवली, तशी लग्नातही माणसं दिसू लागली. फक्त मुदखेडच्या मामांची एकही खूण नव्हती.

हळदीच्या आदल्या दिवशीच मामा सहकुटुंब दारात. मी विचारलं, "खूण का नाही केली?"

मामा खवळले, "आम्ही काय पाहुणे हाव का?"