पन्हाळ्याचा रस्ता

निवृत्त झाल्यापासून मी रोज सकाळी मागच्या गल्लीतनं फिरायला जातो. तिथं एका घराच्या व्हरांड्यात जुनी स्कूटर स्टँडवर उभी असते. तिच्यावर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ चहाचा कप घेऊन बसलेले असतात. मागच्या सीटवर त्यांची बायको, दोन्ही पाय एका बाजूला सोडून, मांडीवर भुईमुगाच्या शेंगा घेऊन. नाव विचारायचं राहूनच गेलं.

एकदा गंमत म्हणून मी विचारलं, "कुठं निघालाय?"

"पन्हाळ्याला," ते आरशात बघून केस सारखे करत म्हणाले. "लग्न झाल्यावर ह्याच गाडीवरनं गेलतो की."

मागून बाईंनी त्यांचा खांदा धरला. "अवं, वळण आलं. सावकाश घ्या, चहा सांडंल."

त्यांनी खरंच कप सावरला आणि अंग डावीकडं झुकवलं.

"चालवता अजून?" मी म्हणालो.

"मागं घसरून पडलो, तवापासनं किल्ली पोराकडं हाय. पर रस्ता आमाला पाठ हाय की." मग मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "येताय का पावणं? मागं जागा न्हाय. म्होरं उभारा."

मी बासष्ट वर्षांचा माणूस. गल्लीत ओळखीचं कुणी नाही ना, एवढं बघून घेतलं, पायरी चढलो आणि त्यांच्या पुढ्यात हँडल धरून उभा राहिलो.

बाईंनी मागून माझ्या हातावर चार शेंगदाणे ठेवले.

"हॉर्न वाजवू का?" मी विचारलं.