वस्तादांचा ‘टक्’

आमच्या वस्तादांइतका भित्रा माणूस हायवेवरच्या जाम गावच्या चौकात दुसरा नव्हता. ट्रकला भीत नसत, पोलिसाला भीत नसत. स्वतःच्या हातून दुरुस्त होऊन निघालेल्या मोटारसायकलला भीत. ती वळणाआड जाईपर्यंत हातात फडकं धरून उभे राहत. म्हणत, “आपल्या हातची गाडी म्हंजे सासरी धाडलेली पोरगी. पोचल्याचा निरोप येईस्तोवर जिवाले घोर.”

कान मात्र तिखट. गाडी नुसती रस्त्यावरून गेली तरी आतला कार्बोरेटर कंपनीचा की डुप्लिकेट, हे मान वर न करता सांगत. हवेचा स्क्रू दीड आटा ढिला करायचा, मग आवाजावर कान ठेवून केसभर इकडेतिकडे. शेवटी इंजिन बंद करून रेस पिळून सोडायची. कार्बोरेटरमधली झडप खाली बसली की बारीकसा ‘टक्’ येतो. तो ऐकल्याशिवाय किल्ली देत नसत.

मी शाळेत शिकवते आणि नवऱ्याची जुनी मोटारसायकल चालवते. नव्या गाड्यांत कार्बोरेटरच नसतो, त्यामुळे वस्तादांकडे आम्ही जुन्या गाड्यांवालेच उरलो होतो. दिवाळीनंतर ते प्रत्येक गोष्ट दोनदा विचारू लागले. हायवेचा गोंगाट वाढला, म्हणायचे. मलाही ते पटलं.

गेल्या मार्चमध्ये त्यांनी माझा कार्बोरेटर साफ केला, रेस पिळून सोडली, मान हलवली आणि किल्ली दिली. हिंगणघाटच्या रस्त्याला पुढे कापसाचा ट्रक दिसला म्हणून मी रेस सोडली, तर गाडीचा वेग कमी होईना. ब्रेक दाबूनही ट्रकची फळी जवळच येत होती. किल्ली हाताला कशी सापडली ठाऊक नाही. ती फिरवली, तेव्हा कुठे गाडी रस्त्याखाली जाऊन थांबली.

ढकलत परत आणली. वस्ताद माझा चेहरा पाहूनच पांढरे पडले. त्या दिवशी त्यांच्या हातून आणखी एकच गाडी गेली होती, जावयाची. मागे मुलगी, मांडीवर सहा महिन्यांचं बाळ, जायचं सिंदीला. मी फोन लावत राहिले, कुणी उचलेना.

शेजारच्या पंक्चरवाल्याची गाडी घेऊन निघालो. मी पुढे, वस्ताद मागे. रस्त्यात कुठे चार माणसं जमलेली दिसली की त्यांची बोटं माझ्या खांद्यात रुतत. एका ठिकाणी तर खरंच गर्दी होती. म्हैस आडवी आली होती, एवढंच.

सिंदीला जावई दारातच भेटला. फोन आत चार्जिंगला लावलेला. रेस दोनदा अडकली म्हणून हळूहळू आणली, म्हणाला. मुलगी बाळाला घेऊन बाहेर आली. वस्ताद थेट गाडीपाशी गेले, रेस पिळून सोडली आणि मला विचारलं, “आला का?”

मी वाकून कान लावला होता. हो म्हणून टाकावं, म्हाताऱ्याची लाज राखावी, असं फार वाटलं.

“मले नाई आला, वस्ताद.”

ते ओट्यावर बसले. “मलेई नाई येत,” म्हणाले. “दिवाळीपासून. कोनाले सांगू? कान गेला म्हंजे मीच गेलो.”

दुकान त्यांनी पुन्हा उघडलं नाही. त्या दिवशी जावयाने गाडीची किल्ली काढून खिशात टाकली. मुलीने बाळ वस्तादांच्या मांडीवर दिलं, त्यांच्यासमोर उकिडवी बसली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, आता मी मोठ्यानं बोलत जाईन.”