आरती चिंचेखालूनच

आमच्या भाऊंइतका काडीपेटीला भिणारा माणूस अख्ख्या मावळात सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतका शूर माणूस मी तरी पाहिला नाही. भाऊ म्हणजे तळेगावचे फ्रिजवाले. कुणाच्याही घरी गेले की माणसांआधी फ्रिजला भेटणार. दारात कागदाचा कपटा धरून दार लावणार. कपटा अलगद निघून आला की रबर गेलं म्हणून घरच्यांचं सांत्वन करणार. उघड्या फ्रिजसमोर कुणी विचार करत उभं दिसलं की ओरडणार, "आत टीव्ही लागलाय काय? लाव दार!" एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते आइस्क्रीमच्या पेटीमागची धूळ झटकत होते. हातातल्या अक्षता शेवटी पेटीवरच पडल्या.

माझी त्यांची गाठ मळवलीच्या गुलाबांच्या मळ्यावर पडली. आठवीत शाळा सुटलेला मी, परभणीकडून कामं धुंडत इथवर आलेलो. फुलांची थंड खोली सांभाळायची, हे माझं काम. जुनं यंत्र नुसती वीज पीत होतं. मालक म्हणाले, "आता मीटर आवरला नाही तर खोली बंद. मग तू दुसरीकडे बघ." दुसरीकडे म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

भाऊंनी यंत्रात बदल केले आणि चुलीच्या गॅसच्या भाऊबंदांतले दोन शुद्ध वायू मिसळलेला नवा गॅस आणला. म्हणाले, "ह्यो थोडक्यात लय काम करतो. फकस्त तापट हाय. ठिणगी न्हाई चालत." ठिणगी पडेल अशी बटणं त्यांनी भिंतीबाहेर नेली. माझे खिसे तपासले, मालकांचेसुद्धा. गॅस मात्र वजनकाट्यावर असा तोलून भरला, की सोनारानं बघत राहावं. "जास्त वतलं म्हंजे जास्त गार, असं नसतंय बाबा."

मग आधीच तपासलेल्या सांध्यांवर पुन्हा साबणाचा फेस लावून आम्ही श्वास रोखून बसलो. एका सांध्यावर बुडबुडा फुगला, म्हणजे तिथून गॅस गळत होता. भाऊंनी पाना उचलला, आणि तेवढ्यात मालकांच्या आई, आमच्या मावशी, पेटलेलं निरांजन घेऊन दारात! नवं यंत्र ओवाळल्याशिवाय चालू करायचं कसं?

भाऊ आवाज न चढवता दारात आडवे झाले. "मावशी, हितं नगं. चिंचेखाली ओवाळा."

"मशीन आत, नि ओवाळू बाहेर?"

"आत लय गारठा व्हनार, म्हनून देव आधीच भायेर गेलाय."

विझवा म्हटलं असतं तर मावशींनी अपशकुन धरला असता आणि तिथंच वाद घालत उभ्या राहिल्या असत्या. त्या फणकारल्या, पण फिरल्या. भाऊंच्या तोंडावर हसू होतं. घामानं भिजलेली मान फक्त मला मागून दिसत होती. निरांजन चिंचेखाली पोचेपर्यंत ते हलले नाहीत. मग दारं-खिडक्या उघडून वारा खेळवला, सांधा आवळला, पुन्हा फेस लावला. बुडबुडा नाही.

खोली राहिली, म्हणून मीही राहिलो. मीटर मंदावला, मालकांची जीभही. रोज सकाळी मी यंत्राला कान लावतो. बिघाड ऐकू येईल की काय म्हणून जीव टांगलेला असतो. आणि काहीच ऐकू आलं नाही की उगाच रितं वाटतं. कारण बिघडल्याशिवाय भाऊ येत नाहीत. मावशी अजून चिंचेखालूनच ओवाळतात. परवा म्हणाल्या, "बोलव की त्याला. चहाला बोलवायला काय मशीन बिघडावं लागतं?"

मी फोन लावला. पलीकडून घाईघाईनं आवाज आला, "काय बिघडलं रं?"

"काही नाही, भाऊ," एवढंच मला म्हणता आलं.